‘टीचर, आय ॲम कमिंग’: क्रियापदांचा हा घोळ तुम्ही कसा सोडवता?

खाडीपलीकडची

मंडळी, धागा जरा शिकवणीच्या अंगाने जाणारा आहे, पण इथे शिक्षक आणि भाषेचे किडे असलेले बरेच जण आहेत, म्हणून काढतेय.

कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी मी बोलायचं इंग्रजी शिकवते. फी नाही, हॉलच्या लाइटबिलापुरती वर्गणी. बॅच म्हणजे निव्वळ भेळ आहे. एपीएमसी मार्केटात गाळ्यावर हिशेब लिहिणारे दोघे, ऐरोलीच्या कंपन्यांत मुलाखती देत फिरणारी तीन पोरं, मुलांच्या शाळेत पालकसभेला तोंड उघडता यावं म्हणून येणाऱ्या चार बायका, एक रिक्षावाले काका आणि आमच्याच इमारतीतल्या एक आजी. आजींची नात कॅनडात वाढलीय, तिला मराठी येत नाही.

मंगळवारी क्लास सुटला. एक पोरगा चपला घालता घालता म्हणाला, "टीचर, आय ॲम कमिंग." मी म्हटलं, अरे आत्ता तर निघालास, येतोयस कुठून? तो बावरला. मग माझी ट्यूब पेटली. बिचारा "येतो टीचर" म्हणत होता. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे त्याला आईने शिकवलंय आणि ते त्याने इंग्रजीतही पाळलं.

त्या दिवसापासून मी वहीत चुका टिपायला लागले. हा आठवडाभराचा माल:

"रिमेंबर मी टू ब्रिंग द फॉर्म." (आठवण करा हं मला.)
"आय फरगॉट माय अंब्रेला इन द ट्रेन." (छत्री गाडीत विसरली.)
"वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज." (थांब, बूट घालतोय.)
"कॅन आय लेंड युवर पेन?"
"ही सेड मी."

आणि आजींचा किस्सा तर डोळ्यांत पाणी आणणारा. व्हिडिओ कॉलवर नातीचं चित्र अडकलं. आजी म्हणाल्या, "आय ॲम नॉट लुकिंग यू." म्हणायचं होतं, तू मला दिसत नाहीयेस. नातीला वाटलं आजी रुसली, मी तुझ्याकडे बघतच नाही म्हणतेय. आजी मला विचारत होत्या, "मी काय वाईट बोलले गं?"

यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. प्रत्येकीच्या खाली एक धडधाकट मराठी क्रियापद उभं आहे. मला वाटतं, ते बाहेर काढून समोर ठेवलं तर अर्धं काम होतं. आजींना मी एवढंच सांगितलं: ‘दिसणं’ म्हणजे सी, ‘बघणं’ म्हणजे लुक. तुम्ही जन्मभर हा फरक करत आलायत, नवीन काही शिकायचं नाहीये. दुसऱ्या दिवशी आजी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "आय कान्ट सी माय चष्मा." चष्मा डोक्यावर होता, ते सोडा.

तर प्रश्न असा, की तुम्ही या जोड्या कशा शिकवता? किंवा तुम्हाला कुणी कशा शिकवल्या?

उगाच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता ‘मराठीत विचार करू देऊ नका’वाले येतील बघा.

नौपाड्याचे मास्तर

आलोच.

चाळीस वर्षं मराठी माध्यमात इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली पहिलीपासून आलं. दोन्ही काळ पाहिले. ताई, तुमची तळमळ पोचली, पण मराठीची कुबडी एकदा दिली की पोर ती सोडत नाही. ‘बघणं म्हणजे लुक’ सांगितलंत ना? उद्या तो "आय लुक टीव्ही" म्हणेल, आणि चूक तुमची असेल, कारण टीव्हीही आपण बघतोच.

मी नियम घोकून घ्यायचो. ‘टेल’ला समोर माणूस लागतो, ‘से’ला लागत नाही. टेल मी, टेल हिम, टेल द टीचर. ‘से’ला माणूस जोडायचाच तर मध्ये ‘टू’चा पाट टाका. अपवाद वेगळे पाठ: टेल अ लाय, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी, टेल द टाइम. ‘एक्सप्लेन’लाही तोच पाट लागतो, ‘एक्सप्लेन मी’ म्हणालात तर हातावर पट्टी. संपलं.

खाडीपलीकडची

सर, टीव्हीचा मुद्दा एकदम मान्य. तिथे मी फसलेच होते. लुक आणि वॉच दोन्हींना आपल्याकडे ‘बघणं’च आहे. मग वॉचमन कामाला आला. वॉच म्हणजे वॉचमनची नोकरी: काही घडतंय का, बदलतंय का, त्यावर डोळा ठेवून बसणं. मॅच, टीव्ही, रांगणारं पोर, गॅसवरचं दूध. फोटो जागचा हलत नाही, त्याच्याकडे लुक ॲट. दुधाचं उदाहरण बायकांना इतकं पटलं की एकीने घरी जाऊन नवऱ्याला "वॉच द मिल्क" सांगितलं. दूध उतू गेलंच, पण वाक्य बरोबर होतं.

सानपाडा लोकल

मास्तर, तुमच्या नियमात एक भानगड आहे. म्हणजे नियमात नाही, आमच्यात.

मी ठाण्यात वाढलो, आता सानपाड्याला राहतो. आमच्याकडे सगळे ‘बोलतात’. तो मला बोलला, मी तिला बोललो, आई बोलली लवकर ये. पुण्याचा रूममेट होता, त्याला पहिल्यांदा सांगितलं "बॉस मला बोलला", तर तो म्हणे, "का? काय चुकलं तुझं?" त्याच्या मराठीत ‘मला बोलला’ म्हणजे झापलं!

तर खाडीकाकूंची पद्धत म्हणणे = से, सांगणे = टेल, बोलणे = स्पीक अशी असेल ना, तर ती आमच्यासाठी कुचकामी आहे. आमच्या मराठीत या तिघांचं एकच झालंय. मी कॉलेजात "ही स्पोक मी दॅट" असं लिहायचो, आता कळलं का ते.

भाकरतुकडा

सानपाडा, अगदी हेच. आणि कृपा करून कुणी आता ‘मुंबईचं मराठी अशुद्ध’ हे पुराण सुरू करू नका. आम्ही घणसोली गावातले, सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) १९७० ला आली त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. आमच्या घरातलं मराठी तुमच्या पुस्तकात नाही, पण आमचंही कुठे अडत नाही.

उगाच

धाग्याची काशी व्हायला अजून किती प्रतिसाद? मी वीस धरलेत.

खाडीपलीकडची

भाकरतुकडा, इथे कुणी अशुद्ध म्हणत नाहीये, आणि म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे.

पण सानपाडाने कळीचं सांगितलं. माझी पद्धत उभी आहे ती पोराला मराठीतला फरक येतो या गृहीतावर. काल मी क्लासमध्ये तपासलं. विचारलं: काच काय होते? दोघं म्हणाले ‘तुटते’. इंग्रजी माध्यमातून आलेली एक मुलगी म्हणाली ‘ब्रेक होते’. फक्त आजी आणि रिक्षावाले काका एका सुरात म्हणाले ‘फुटते’.

मग तासभर इंग्रजी बाजूलाच राहिलं. काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडतं, खुर्ची मोडते, ठरलेलं लग्न मोडतं, नोट मोडून सुट्टे घेतात, नारळ फोडतात, फूल तोडतात. इंग्रजी बापडं यातल्या बहुतेकांना ‘ब्रेक’वर भागवतं. काकांनी वर कडी केली. म्हणाले, मॅडम, उपास ‘सोडला’ आणि उपास ‘मोडला’ यात केवढा फरक आहे! सोडला म्हणजे वेळ झाल्यावर साबुदाण्याची खिचडी उरकून वरणभात. मोडला म्हणजे चार वाजता स्टेशनबाहेर वडापाव. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रेक’. (ब्रेकफास्ट शब्दात तोच ब्रेक आहे हे सांगितल्यावर तर काका खुर्चीतून उठलेच.)

त्यानंतर जादू झाली म्हणा. इंग्रजीतही एका कामाला दोन-चार क्रियापदं असतात म्हटल्यावर कुणी कुरकुरलं नाही. आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे पण असणार, इतका साधा हिशेब.

चिंगीची आई

उलट उदाहरण आमच्या घरचं. चिंगी दुसरीत, इंग्रजी माध्यम, घोडबंदर रोडवरची शाळा. इंग्रजी फर्स्ट क्लास बोलते. परवा आजीला म्हणाली, "आजी, तू साडी घाल ना." आजीचा चेहरा! साडी ‘नेसतात’, शर्ट घालतात, गजरा माळतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. चिंगीच्या डोक्यात सगळ्याला एकच, वेअर.

आणि काकू, ते बुटाचं वाक्य चुकीचं आहे? मी रोज तेच म्हणते!!

खाडीपलीकडची

चुकीचं म्हणजे... समोरच्याला कळतं. पण ‘आय ॲम वेअरिंग माय शूज’चा अर्थ बूट आधीच पायात आहेत. घालण्याची क्रिया चाललीय तर ‘पुटिंग ऑन’. आपल्याकडे ‘घातलेत’ आणि ‘घालतोय’ यातून भागतं, क्रियापद बदलावं लागत नाही. ही ती दुसऱ्या जातीची जोडी, जिथे मराठीत एक आणि इंग्रजीत दोन. इथे मराठी कामाला येत नाही, इथे पाठच करावं लागतं. मास्तरांची पट्टी इथे चालेल.

नौपाड्याचे मास्तर

पट्टी चालेल म्हणालात, धन्यवाद. करणे हे तुमच्या त्या दुसऱ्या जातीचं सगळ्यात खट्याळ पोर. डू आणि मेक. काही पुस्तकं सांगतात नवीन काही निर्माण झालं तर मेक, नुसती कृती तर डू. मेक अ केक, डू द वर्क, इथपर्यंत ठीक. मग मेक अ मिस्टेक का? मेक अ फोन कॉल का? आणि डू द डिशेस म्हणजे भांडी तयार करणं नव्हे, घासणं. चाळीस वर्षांत मला नियम सापडला नाही. जोडीजोडीने पाठ, दुसरा मार्ग नाही.

आणि हो, मराठीत चहा ‘करतात’, ‘बनवत’ नाहीत. बनवतात ते दुसऱ्याला.

उगाच

झालं. चहा बनवण्यावरून आता पुढचे दहा.

ऱ्हस्व दीर्घ

चहाचं नंतर भांडू. मला धाग्याचा मूळ मुद्दा एका ठिकाणी फार आवडलाय आणि त्यात थोडी भर घालतो. लांबेल, माफ करा.

इंग्रजी शिकणारे जिथे हमखास घसरतात अशी एक टोळी आहे: लाय आणि ले, राइज आणि रेज, सिट आणि सेट, फॉल आणि फेल. शिक्षक सांगतात, पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक. विद्यार्थ्याला अकर्मक म्हणजे काय तेच आठवत नसतं. पण मराठीत आपण हा खेळ श्वासासारखा खेळतो. पडणे–पाडणे. मरणे–मारणे. चरणे–चारणे. सरणे–सारणे. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. आपोआप घडतं ते पहिलं, कुणीतरी घडवतं ते दुसरं. मधला स्वर बदलला की काम झालं.

इंग्रजीतल्या जोड्या हुबेहूब तशाच आहेत, आणि तो योगायोग नाही. संस्कृतात पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. हा जो ‘अय’ लावून प्रयोजक करण्याचा प्रकार आहे, त्याचाच चुलत भाऊ जुन्या जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वजांत, होता. तो प्रत्यय क्रियापदाला लागायचा, काळाच्या ओघात झिजून गेला, पण जाता जाता काही ठिकाणी आधीच्या स्वराला वळण देऊन गेला. म्हणून फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे. लाकूडतोडे झाड ‘फेल’ करतात ते हेच. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फरशी बसवतो आपण, ती सेट होते. राइज–रेज थोडं वेगळं: रेज हा शब्द इंग्रजीने नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून उचलला. त्याचं अस्सल इंग्रजी भावंड रिअर, म्हणजे वाढवणे, गुरं-पोरं वाढवतात ते.

माझं लाडकं म्हणजे ड्रिंक आणि ड्रेंच. आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, पण मूळ अर्थ पाजणे! पिणे–पाजणे. जनावरांच्या डॉक्टरांच्या भाषेत गुरांना औषध पाजण्याला अजूनही ड्रेंच करणं म्हणतात.

तर ताई, पुढच्या वेळी अकर्मक–सकर्मक शब्दच काढू नका. फळ्यावर ‘पडणे–पाडणे’ लिहा आणि शेजारी फॉल–फेल.

भाकरतुकडा

हे भारीच. आमच्याकडे म्हशी होत्या तेव्हा गुरांचा डॉक्टर यायचा, तो ‘ड्रेंच दिलाय’ म्हणायचा. आम्हाला वाटायचं औषधाचं नाव आहे.

सानपाडा लोकल

पण ऱ्हस्व, लाय–लेमध्ये खरी मारामारी भूतकाळात आहे ना? लायचा भूतकाळ ‘ले’! म्हणजे मी काल आडवा पडलो तर आय ले, आणि मी आज पुस्तक ठेवतो तर आय ले. हे काय आहे?

ऱ्हस्व दीर्घ

हो, तिथे इंग्रजीने स्वतःच्याच पायात पाय घातलाय. आडवं पडणे: लाय, ले, लेन. आडवं ठेवणे: ले, लेड, लेड. वर तिसरा एक लाय आहे, खोटं बोलणे, त्याचं लाय, लाइड, लाइड. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही यात चुकतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. अडलं की ‘लाय डाऊन’ टाळून दुसरं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यायची.

उगाच

कोंबडी अंडं लाय करते की ले?

ऱ्हस्व दीर्घ

ले. लाय केलं तर कोंबडी खोटं बोलतेय.

इडली विथ वरण

मी उलट्या बाजूने लिहितो. मी मल्याळी, जन्म नेरूळचा, मराठी इथेच गल्लीत शिकलो. तुम्ही लोक इंग्रजीच्या जोड्यांवर रडता, मराठीच्या ‘लावणे’वर एकदा बोलूया का?

शेजारच्या काकू लहानपणी म्हणाल्या, "दार लाव." मी लावलं, म्हणजे बंद केलं. शाबासकी. मग म्हणाल्या, "लाइट लाव." मी लाइट बंद केला. परत एकदा सांगितलं, मी परत बंद-चालू केला. टीव्ही लाव म्हणजे सुरू कर, कुलूप लाव म्हणजे बंद कर, कुकर लाव, उदबत्ती लाव, क्रीम लाव, झाड लाव, वेळ लाव, सवय लाव. भूक ‘लागते’, ट्रेन ‘लागते’, ठेच ‘लागते’, वेडही ‘लागतं’. मला वेड लागायची पाळी आलीच होती.

मी कसा शिकलो? नियमाने नाही. काकूंच्या आवाजावरून, हातावरून, दहा वेळा चुकून. म्हणून मला मास्तर आणि खाडीताई दोघंही थोडे बरोबर वाटतात आणि दोघंही थोडे जास्त बोलतायत. जोडी ऐकू आली पाहिजे, तीही कामाच्या जागी.

खाडीपलीकडची

इडली, दंडवत! ‘लावणे’ची ही यादी माझ्या फळ्यावर जाणार. पोरांना दाखवते, बघा, आपल्या भाषेनेही लोकांना रडवलंय.

‘ऐकू येणं’ म्हणालात म्हणून आठवलं. हिअर आणि लिसन ही जोडी आपल्याकडे तयार आहे: ऐकू येणे आणि ऐकणे. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की डबाभर एकच वाक्य असायचं: "हॅलो, ऐकू येतंय का?" कुणी "ऐकतोयस का?" म्हणत नव्हतं, ते बायको नवऱ्याला म्हणते. तरी क्लासमध्ये मुलाखतीच्या सरावाला फोन लावला की पहिलं वाक्य येतं "आर यू लिसनिंग मी?" समोरचा एचआरवाला आधीच वैतागलेला, त्यात हा त्याला विचारतोय लक्ष आहे का तुझं! मी आता फोन हातात देते आणि म्हणते, आधी मराठीत बोल. तो बोलतो "ऐकू येतंय का सर?" मग म्हणते, हेच इंग्रजीत. दहापैकी आठ वेळा "कॅन यू हिअर मी" बाहेर येतं.

शोधणे–सापडणे पण तसंच, लुक फॉर आणि फाइंड. "आय ॲम फाइंडिंग माय पास" म्हणणाऱ्याला नुसतं विचारायचं, शोधतोयस की सापडतोय? स्वतःच हसून दुरुस्त करतो.

नौपाड्याचे मास्तर

हे फोनचं मला आवडलं. लिहून ठेवलं.

आणि ‘विसरणे’चं काय करता? छत्री गाडीत विसरली.

खाडीपलीकडची

तिथे जागा विचारायची. ‘कुठे?’चं उत्तर वाक्यात आलं की फरगॉट नाही, लेफ्ट. आय फरगॉट माय अंब्रेला इथपर्यंत चालतं, इन द ट्रेन आलं की आय लेफ्ट. ‘रिमेंबर मी’साठी अजून चांगली युक्ती सापडलेली नाही. आपल्याकडे ‘आठवणे’ आणि ‘आठवण करून देणे’ आहे, पण घाईत आपण नुसतं ‘आठवण कर हं’ म्हणतो आणि तीच घाई इंग्रजीत जाते.

चिंगीची आई

रिमाइंडर! फोनवर रिमाइंडर लावतो ना आपण. (बघा, लावतो.) फोन आपल्याला रिमाइंड करतो, आपण रिमेंबर करतो. चिंगीला असंच कळलं.

खाडीपलीकडची

घेतलं!! आभार.

सानपाडा लोकल

माझा ऑफिसातला एक किस्सा आणि पळतो. अमेरिकन क्लायंटला मी मेलमध्ये लिहिलं, ‘आय गेव्ह द सर्टिफिकेशन एक्झाम लास्ट वीक.’ त्याचं उत्तर, अरे वा, तू परीक्षक आहेस हे माहीत नव्हतं! आपल्याकडे शिक्षक परीक्षा घेतात आणि पोरं देतात. त्यांच्याकडे पोरं टेक करतात. देणं-घेणं बरोब्बर उलटं. ऑफिसात मात्र अख्खा मजला ‘गिव’ म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. मग चूक कुणाची धरायची?

ऱ्हस्व दीर्घ

मजल्यावर असाल तर कुणाचीच नाही. इतक्या लोकांनी इतकी वर्षं वापरलं की ते इथल्या इंग्रजीचं होतं. मेल बाहेर जाणार असेल तर टेक लिहा. ब्रिटिशांना ‘सिट’ही चालतं.

अवांतर: दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते बरंचसं इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीवर बेतलेलं. आपण इथे मराठी क्रियापदाची पट्टी घेऊन इंग्रजी मोजतोय. दादोबांची परतफेड चाललीय म्हणायची.

उगाच

परतफेडवरून: शेजारच्यांकडून विरजण आणलं तर ते बॉरो की टेक? विरजण कुणी परत करत नाही.

नौपाड्याचे मास्तर

इंग्रजीत वाटीभर साखरही बॉरोच करतात, परत करो वा न करो. आपला घोटाळा असा की ‘उसने’ एकच, पुढे घेणे-देणे लावून भागतं. त्यांनी दोन वेगळे शब्द ठेवले. मी सांगायचो: बॉरो म्हणजे हात पसरलेला, लेंड म्हणजे हात पुढे केलेला. पेनचं वाक्य म्हणताना हात करून दाखवायचा. वर्गातल्या साठ पोरांचे साठ हात. ते मात्र कुणी विसरलं नाही. परवा तलावपाळीला एक जुना विद्यार्थी भेटला, आता बँकेत आहे, कर्जाच्या खात्यात. लांबूनच हात पुढे करून म्हणाला, "सर, लेंड!"

खाडीपलीकडची

सर, म्हणजे तुमच्याकडे नुसती पट्टी नव्हती तर.

नौपाड्याचे मास्तर

पट्टी होती. हातही होता.

खाडीपलीकडची

आजच्या क्लासचा वृत्तांत देते आणि झोपते.

सानपाडाच्या ‘बोलला’साठी वेगळा प्रयोग केला. म्हणणे-सांगणे यांचं नावच काढलं नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, त्यावर एक निरोप. तो शेजाऱ्याला द्यायचा, शेजाऱ्याने तिसऱ्याला. निरोप ज्याला द्यायचा त्याचं नाव आधी पुकारायचं. नाव पुकारलं की ‘टेल’, आणि नुसते शब्द परत बोलायचे असतील तर ‘से’. मास्तरांचाच नियम, फक्त हातात चिठ्ठी. पहिल्या फेरीत सगळे "सेड मी". तिसऱ्या फेरीत ऐरोलीवाल्या तिघांपैकी दोघं "टोल्ड मी". तिसरा अजून "स्पोक मी"वरच आहे. मला वाटतं त्याला अजून चार दिवस लागतील. पडणे–पाडणे मात्र बाणासारखं लागलं, ऱ्हस्व. रिक्षावाल्या काकांनी लगेच विचारलं, मग पॅसेंजरला ‘सोडणे’ काय? मी म्हटलं ड्रॉप. ते म्हणाले, मी पंचवीस वर्षं ‘लीव’ म्हणतोय, तरीच एक गोरा साहेब वाशीला मध्येच उतरून गेला.

आणि निघताना तो पोरगा दारात थांबला, विचार केला, आणि म्हणाला, "टीचर, आय ॲम गो... सी यू."

‘गोइंग’ तोंडातून निघालंच नाही हो त्याच्या. मी पण आग्रह केला नाही.

आता बुधवारी रॉब आणि स्टील घ्यायचंय. लुटणे आणि चोरणे, मराठीत तयार आहे. कुणाकडे लोकलमधलं चांगलं उदाहरण आहे का?

भाकरतुकडा

पाकीट स्टील होतं, माणूस रॉब होतो. दिवा स्टेशनला गर्दीत माझं दोन्ही झालंय, एकाच वेळी.

उगाच

तीसच्या वर झाले आणि काशी झाली नाही. निषेध.